कॉम्प्युटरने घेतलेला पदर

माझी बायको भिकुबाई गेल्या दसऱ्यानंतर वारली. भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला, तेव्हा लक्षात आलं की सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिचा एकटीचा फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती नऊ ठिकाणी आहे. त्यातल्या आठ ठिकाणी तिची पाठ दिसते, कारण ती कोणाला तरी वाढत होती. नवव्यात तोंड आहे, पण अर्धं कूलरच्या मागे. शेवटी मुलाने, राजेंद्रने, सुरतेहून येताना तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आधारच्या फोटोत सगळेच गुन्हा कबूल करायला आल्यासारखे दिसतात. भिकुबाई तर शिक्षा भोगून आल्यासारखी दिसते. तो फोटो आमच्या शहाद्याच्या घरात लावला आहे. मी त्याच्याकडे पाहून बोलत नाही. त्या बाईची आणि माझी ओळख नाही असं वाटतं.

फेब्रुवारीत माझा मेहुणा हेमराज याचा फोन आला. हेमराज निंबर्डीला राहतो. निंबर्डी हे भिकुबाईचं माहेर, शहाद्याहून एसटीने पाऊण तास.

"पाव्हना, आम्ही गावना इतिहास काढी ऱ्हायनूत," तो म्हणाला. "तुम्हनी गरज शे."

"मी काय करू? मी सातवी शिकलोय."

"नकाशा वाचाना शे. आठे कोनलेच समजत नही."

मी मोजणी खात्यात साखळीवाला होतो. साहेब कागदावर लिहायचे, मी उन्हात साखळी ओढायचो. तीस वर्षं ओढल्यावर नकाशा आपोआप वाचता येतो. घरी बसून आधार कार्डाशी न बोलण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेलो.

निंबर्डीत माझी काय जागा आहे ते सांगतो. मी गावचा जावई. मी आलो की कोणीतरी खुर्ची पुसतं. चहा कपबशीत येतो, बाकीच्यांना ग्लासात. मी बोलायला लागलो की सगळे गप्प होतात, माझं बोलणं संपेपर्यंत मान हलवतात आणि मग आधी ठरलेलंच करतात. जावयाशी वाद घालायचा नाही अशी रीत आहे. त्यामुळे जावई बरोबर आहे हे कळायचा काही मार्गच राहत नाही. जावयानेही सासुरवाडीत आवाज चढवायचा नाही. तो मी कधी चढवला नव्हता. चढवला असता तर घरी भिकुबाईने चढवला असता.

जुन्या वाचनालयाच्या खोलीत 'वारसा दालन' होणार होतं. एक मेला उद्घाटन. समितीचे अध्यक्ष योगेंद्र पाटील, पन्नाशीचे, केळीचे मोठे बागायतदार. शेजारच्या गावाने कमान बांधली म्हणून यांना इतिहास हवा होता. चिटणीस कुंदन सर. ते शाळेत भूगोल शिकवतात, पण कॉम्प्युटर येतो म्हणून इतिहास त्यांच्याकडे दिला होता.

आधी नकाशा उलगडला. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीची, स्वातंत्र्यानंतरच्या दुरुस्त्यांसह रीतसर काढलेली नक्कल होती. गावठाणाला लागून एक जाड रेघेचा चौकोन होता.

"ही गढी," कुंदन सर म्हणाले. "तटबंदी स्पष्ट दिसते."

"तो कोंडवाडा आहे," मी म्हणालो. "मोकाट गुरं कोंडायचा. मी स्वतः त्याच्या भिंतीला साखळी लावली आहे."

सगळ्यांनी मान हलवली. कुंदन सरांनी वहीत लिहिलं, 'गढी (पुढे कोंडवाडा म्हणून वापर).'

मग पत्र निघालं. योगेंद्रच्या माळ्यावर मोडी लिपीतलं एक जुनं पत्र सापडलं होतं. धुळ्याहून मोडी वाचणारा माणूस आणला. सगळ्यांना वाटलं जहागिरीची सनद निघेल. त्याने चष्मा पुसून वाचलं. मामलेदाराने निंबर्डीच्या पाटलाला लिहिलं होतं की कलेक्टरसाहेबांच्या तळावर सहा कोंबड्या पाठवायला सांगितल्या असता तू दोनच पाठवल्यास, त्यातली एक आजारी होती, याचा खुलासा कर.

योगेंद्रनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली.

"म्हणजे इंग्रजांना सहकार्य नाकारलं," कुंदन सर म्हणाले.

"आजारी कोंबडी पाठवणं म्हणजे धाडसच," हेमराज म्हणाला. तो मस्करी करत होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पत्राखाली पाटी आली, 'ब्रिटिश सत्तेशी निंबर्डीचा थेट संघर्ष.'

यानंतर फोटो निघाले. शहाद्यात एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, त्याच्या मालकाच्या नातवाने गावाच्या नावाचं पाकीट आणून दिलं होतं. त्यात एक फोटो होता, वहीच्या पानापेक्षा लहान. मातीच्या बांधावर पाच बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीत उभ्या. पाचींनी पदर असा ओढलेला की हनुवटीसुद्धा दिसत नाही. मागे हाफपॅन्ट आणि हॅट घातलेला एक माणूस. आणि उजव्या टोकाला एक मुलगी, उघड्या डोक्याची, परकर-पोलक्यातली, शेजारणीच्या टोपलीला एका हाताने आधार देणारी.

मी फोटो हातात घेतला तो खाली ठेवला नाही.

"अरे, हाई ते आमनी भिकू," हेमराज म्हणाला.

फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: निंबर्डी पाझर तलाव, दुष्काळी काम, फेब्रुवारी १९७३. म्हणजे तेव्हा ती चौदा वर्षांची. आमचं लग्न सत्त्याहत्तर सालचं. माझ्या आधीची भिकुबाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाच सुना आणि एक मुलगी. गावच्या सुनांनी पदर ओढायचा, गावच्या मुलींनी नाही, म्हणून तिचं एकटीचं तोंड उघडं होतं आणि म्हणून ते मला मिळालं होतं.

"दुष्काळी कामावर कोण कोण होतं, ते जुन्या लोकांना विचारू," मी म्हणालो. "नावं लिहिता येतील."

विचारलं. सगळे जुने लोक आले. भिला आबा सगळ्यात मोठे, त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

"आमना घरनी बाई कधी रोजे गयी नही," ते म्हणाले. "आमना पेवमा जवारी व्हती."

दुसरे म्हणाले, त्यांच्याही पेवात ज्वारी होती. तिसऱ्यांकडे दोन पेवं होती. योगेंद्र म्हणाले, आमच्या वाडवडिलांनी तर लोकांना वाटली. त्या वर्षी गावात ज्वारी जमिनीखाली एवढी होती, तर सरकारने अमेरिकेहून लाल मिलो ज्वारी कशाला आणली आणि मुलांना सुकडी कशाला वाटली, हा प्रश्न मला पडला. मी विचारला नाही. मी जावई.

"मग या बाया कोण?"

"बाहेरगावच्या असतील," सगळे म्हणाले.

तलाव गावाचा, बांध गावाचा, बायका बाहेरगावच्या. दुष्काळात लांबून चालत येऊन आमच्या गावात माती टाकून गेल्या.

आता कुंदन सर विचारात पडले. फोटो तर चांगला होता, दालनात दुसरा एवढा चांगला नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी समितीपुढे शोध मांडला. हा फोटो बेचाळीसच्या लढ्यातला आहे. मागे उभा आहे तो इंग्रज अधिकारी, हॅट पाहा.

"तो कामावरचा ओव्हरसियर असेल," मी म्हणालो. "आमच्या खात्यातही अशी हॅट घालायचे. ऊन लागतं."

"आणि टोपल्या?" हेमराजने विचारलं.

"टोपल्यांत काय आहे ते दिसतं का?" सर म्हणाले. "पत्रकं असू शकतात. भूमिगत पत्रकं."

"पाच टोपल्या पत्रकं?"

"लढा मोठा होता."

"मागे १९७३ लिहिलंय," मी म्हणालो. "आणि हा बांध नकाशात नाही. इथे नुसता नाला आहे. बांध त्र्याहत्तरलाच झाला."

"नाना, फ्रेम केल्यावर मागची बाजू भिंतीकडे असते," सर प्रेमाने म्हणाले.

पाटी ठरली, 'बेचाळीसच्या लढ्यातील निंबर्डीच्या रणरागिणी.' ही बातमी गावात फिरली आणि बाहेरगावच्या बायका दोन दिवसांत निंबर्डीला परत आल्या. पाच बायकांवर अकरा घरांनी हक्क सांगितला. ज्यांच्या घरची बाई रोजाला कधी गेली नव्हती त्यांच्या घरची बाई लढ्यात गेली होती. तोंड कोणाचंच दिसत नसल्याने कोणालाच खोटं पाडता येईना. भिला आबांनी आपली आई टोपलीवरून ओळखली. योगेंद्रनी डावीकडून तिसरी आपली आजी आहे म्हणून सांगितलं, चालण्याच्या ढबीवरून. फोटोत ती उभी होती.

अडचण एकच होती. ती टोकाला उभी होती. भिकूला गावातले साठीच्या पुढचे सगळे ओळखत होते. ती बेचाळीस साली जन्मलीच नव्हती.

"तेवढा भाग कापू," कुंदन सर म्हणाले.

"कापता येत नही," योगेंद्र म्हणाले. त्यांना आजीची काळजी होती. "कापाले गये तर टोपली कापास, टोपलीसंगे शेजारनीना हात कापास. एकीना हात कापा तर बठ्ठी घरं भांडाले येतीन."

मग सरांनी कॉम्प्युटर चालू केला. चौथ्या बाईचा पदर त्यांनी चौकोन करून उचलला, उजवीकडे नेला आणि भिकुबाईच्या तोंडावर ठेवला. कडा जरा घासल्या. दोन मिनिटं लागली. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. पुसलेल्या खुर्चीवर.

"सर," मी म्हणालो, "ती गावची मुलगी आहे. माहेरात ती पदर घेत नसे. त्या फोटोत तर तिच्या अंगावर साडीच नाही. परकरावर पदर आला कुठून?"

सगळ्यांनी मान हलवली.

"पाव्हना," योगेंद्र म्हणाले, "देशासाठी घेतला समजा."

मी मूळ फोटो मागितला. तुमचं काम झालंय, तो मला द्या. सर म्हणाले, तो आता गावाचा ठेवा आहे, द्यायचा तर समितीचा ठराव लागेल. त्यांनी तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला. मी संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. चपला काढताना, काय करू गं, असं विचारायला तोंड उघडलं आणि समोर आधार कार्ड होतं.

एक मेला ऊन चव्वेचाळीस अंश होतं. दालनाबाहेर मांडव, फुलं, दारावर फीत. आत भिंतीवर मोठ्या सोनेरी फ्रेममध्ये रणरागिणी, वर लाल कापड. मुख्य पाहुणे दोन गावांत दोन उद्घाटनं करून आले होते, त्यांना भूक लागली होती. म्हणून ठरलं, आधी जेवण, मग इतिहास. मांडवात पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. पाहुण्यांच्या शेजारी मला बसवलं. निंबर्डीत मानाच्या जावयाने पहिला घास घ्यायचा, मग पंगतीने हात लावायचा.

मी काही ठरवून गेलो नव्हतो. बट्टी फोडली, वरण ओतलं, आणि हात तिथेच थांबला.

आमच्याकडे लग्नात नवरदेव रुसतो. पंगतीत बसतो आणि घास उचलत नाही. सासरा विचारतो काय पाहिजे, मग घड्याळ, रेडिओ, सायकल असं काहीतरी मिळतं, नवरदेव हसतो आणि सगळे जेवतात. माझ्या बापाने मला बजावून पाठवलं होतं, सायकल मागायची. पण वऱ्हाड पहाटे निघालं होतं, मला फार भूक लागली होती. ताट आलं आणि मी जेवलो. सासरा विचारायला आला तोवर मी दुसरी बट्टी मागितली होती. भिकुबाईने हे मला जन्मभर ऐकवलं. "सायकल गिळी गयात," असं ती माझ्या कामावरच्या लोकांसमोरही म्हणायची. निंबर्डीत माझा रुसवा राहूनच गेला होता.

मी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"जेवा ना, पाव्हना," हेमराज वाढता वाढता म्हणाला.

"मी रुसलोय."

तो आधी हसला. मग माझं तोंड पाहून थांबला. तूप वाढणारी त्याची बायको सीमा पुढे आली.

"नंदोई, आते? बहात्तरनी उमरमा?"

"तेव्हा राहून गेलं."

बायका हसायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, जावाई रुसना! मांडवभर हे गेलं. शंभर-दीडशे माणसं ताटावर हात धरून बसली. योगेंद्र धावत आले, खाली वाकून कानाशी म्हणाले, "नाना, काय पाहिजे? टॉवेल-टोपी आहेच. घड्याळ देऊ? अंगठी देऊ?"

"तिच्या तोंडावरचा पदर काढा. मूळ फोटो लावा. खाली तिचं नाव लिहा."

"कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"कार्यक्रम झाल्यावर मी जेवीन."

"नाना, पाहुणे उपाशी शेतस!"

"मीही आहे."

मुख्य पाहुण्यांनी बट्टीवरची नजर कष्टाने काढली आणि विचारलं, अडचण काय आहे? कोणीतरी सांगितलं, जावई रुसलेत. त्यांनी ताबडतोब हात ताटापासून लांब केला. ते स्वतःही कुठले तरी जावई होतेच.

"मग द्या की काय हवं ते," ते म्हणाले. "मी स्कूटर घेतली होती."

मांडवाच्या मागे समितीची बैठक झाली. निंबर्डीच्या इतिहासात इतक्या लवकर ठराव झाला नसेल. कुंदन सर घाम पुसत कपाटाकडे गेले. उघड्या तोंडाची भिकू आणि बेचाळीस साल एका भिंतीवर राहू शकत नव्हते, हे भूगोलाच्या शिक्षकालाही कळत होतं. अकरा घरांना विचारलं, लढा काढावा लागेल, बायकांचं काय करायचं? अकराही घरं म्हणाली, मग त्या आमच्या नव्हेत. पाच बायका दहा मिनिटांत पुन्हा बाहेरगावच्या झाल्या.

सोनेरी फ्रेममधून मोठा फोटो काढून तिथे मूळचा लावला. एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसत होता. खाली सरांनी स्केचपेनने लिहिलं, 'निंबर्डीच्या कर्तबगार महिला. काळ निश्चित नाही. उजवीकडे, भिकुबाई.' मला हात धरून आत नेलं, दाखवलं. मी बाहेर येऊन घास घेतला. पंगत सुटल्यासारखी जेवली.

पाहुण्यांनी फीत कापली, गढीकडे पाहून मान हलवली, कोंबडीच्या पत्रापुढे हात जोडले आणि चौथ्या उद्घाटनाला गेले. लोक सावलीला पांगले. मी आत येऊन फ्रेमसमोर उभा राहिलो. मला हवं होतं ते मिळालं होतं. फक्त तिच्या शेजारच्या पाच जणी माझ्यामुळे लढ्यातूनही गेल्या आणि दुष्काळातूनही. माझ्या खिशात पेन होतं, पण लिहायचं काय ते माहीत नव्हतं.

दारात काठी वाजली. योगेंद्रची आई नानीबाई, ऐंशीला टेकलेली. ती फ्रेमपाशी आली, डोळे बारीक करून काचेला नाक लावेपर्यंत जवळ गेली.

"बाहेर कोन शे?"

"कोणी नाही."

तिने बोट काचेवर ठेवलं. डावीकडून तिसरी. योगेंद्रची आजी.

"हाई मी," ती म्हणाली.

मी खिशातून पेन काढलं. "नाव लिहू?"

"लिखू नका." ती पटकन म्हणाली. "मन्हा सासराले माहीत नही. वावरमा जास सांगीसन मी बांधवर जाऊ."

"तुमचे सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली, नानीबाई."

"तरी नको."

मी पेन ठेवून दिलं. ती फोटोवरून नजर काढत नव्हती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"फोटोवाला आना ना, तव्हय आम्हले बठ्ठ्यास्ले गप उभं करं. तुम्हनी भिकू हळूच म्हने, त्या हाफपॅन्टवालाना गुडघा दखा, बट्टीनागत शेतस. आम्ही पाची जनी पदरमा हासनूत. आमनं काय, कोनले दखाय? तिलेच हासता येत नव्हतं. तिनं तोंड उघडं व्हतं ना."

मी काचेजवळ गेलो. दुसरीचे खांदे वाकले होते, मला ते ओझ्याने वाटलं होतं. तिसरीने पदराची कड मुठीत धरून तोंडापाशी नेली होती. आणि टोकाला भिकू, दोन्ही ओठ आत ओढून, गाल फुगवून, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती. हे तोंड मला माहीत होतं. माझ्या साहेबांसमोर ती सायकलची गोष्ट सांगायची, तेव्हा सांगण्याआधी अगदी असंच करायची.

नानीबाई काठीवर टेकून दमली होती. बाहेरून मी खुर्ची आणली, पुसली, तिला बसवलं. मी खाली फरशीवर बसलो.

"काम किती दिवस चाललं?" मी विचारलं.

"पाऊस पडेपर्यंत. पाच महिना."

"पहिल्या दिवसापासून सांगा," मी म्हणालो.